वधूपिता, वकील, हवालदार

छोट्या पडद्यावर मी इतक्या मुलींची कन्यादानं केली आहेत, की मला प्रत्यक्षात एकच मुलगी आहे आणि तिनं नोंदणी पद्धतीनं लग्न उरकलं, हे इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या बायकांना खरंच वाटत नाही. वधूपिता ही माझी हुकमी भूमिका. त्याखालोखाल वकील, मग डॉक्टर, मग हवालदार. वकील मृत्युपत्र वाचतो आणि चष्मा काढतो. डॉक्टर ऑपरेशन थिएटरच्या दारातून बाहेर येतो आणि तोही चष्माच काढतो. हवालदाराला चष्मा नसतो, म्हणून तो टोपी काढतो. पुष्कळदा या मंडळींना नावही नसतं. कॉल टाइमच्या मेसेजमध्ये ‘नायिकेचे बाबा’ नाहीतर ‘वकीलसाहेब’ एवढंच येतं. ट्रॅक, म्हणजे कथेतला आपला धागा, संपला की बाबांना हृदयविकाराचा झटका येतो आणि ते चंदनाचा हार घालून भिंतीवर जातात. एका मालिकेत तर मी जमिनीवर होतो त्याहून जास्त काळ भिंतीवर होतो. नायिका रोज समोर उभी राहून मला सल्ला विचारायची. हारातल्या बापाला दिवसाचे पैसे मिळत नाहीत, एवढीच काय ती अडचण.

या धंद्यात मी आलो तो बँकेच्या कृपेनं. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. वय चाळीस किंवा नोकरी पंधरा वर्षं, यातलं एक पूर्ण असलं की अर्ज करता येत होता. माझं दोन्ही पूर्ण होतं. त्याच सुमारास हिंदी वाहिन्यांवर सासू-सुनांच्या रोजच्या मालिकांचा पूर आला होता, आणि मराठीत अल्फा वाहिनी १९९९ च्या ऑगस्टपासून चालू होती. आठवड्याला एकदा येणारी मालिका चार-पाचदा यायला लागली, की बाप, काका आणि वकील यांची गरज त्याच प्रमाणात वाढते. मुंबईच्या नाटकवाल्यांना संध्याकाळी प्रयोग असत, दौरे असत. पेन्शन असलेला, दिवसभर मोकळा आणि आदल्या दिवशीच्या निरोपावर इंदूरहून गाडी पकडणारा माणूस त्या लोकांना सोयीचा वाटला असावा. माझ्या अभिनयाबद्दल तेव्हा कोणी काही विचारल्याचं आठवत नाही. ‘केस पिकलेले आहेत ना? काळे केलेले नाहीत ना?’ एवढं मात्र नक्की विचारलं होतं.

पैसे नव्वद दिवसांनी येतात. आज काम केलं तर तीन महिन्यांनी चेक, तोही निर्मात्याला वाहिनीकडून वेळेवर मिळाले तर. नायक-नायिकेशी महिन्याला ठरावीक दिवसांचा करार असतो. आमच्यासारख्यांना मात्र बोलावलं तो दिवस आपला. पेन्शन होती म्हणून मी यात तगलो. इंदूरला मी रविवारी मुलांना अभिनय शिकवतो. त्या वर्गात नवा पालक आला की सगळ्यात आधी मी हे नव्वद दिवसांचं सांगतो. निम्मे पालक ऐकत नाहीत. ते भिंतीवरच्या माझ्या फोटोंकडे बघत असतात. हार नसलेल्या फोटोंकडे.

वर्ग लोकमान्यनगरात एका हॉलमध्ये भरतो. सात-आठ वर्षांपासून बावीस-तेवीसपर्यंतची मुलं, बहुतेक मराठी घरातली, काही सिंधी, काही माळवी. सकाळी पोहे-जलेबी खाऊन येतात, त्यामुळे पहिला अर्धा तास आवाजात शेव अडकलेली असते. त्यांना सगळ्यात आधी ‘इंट्रो’ शिकायचा असतो. कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची, शहर. मग डावी बाजू, उजवी बाजू, तळहात पुढे, तळहात मागे. मग मिनिटभराचा प्रसंग. पूर्वी यासाठी मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरात, कास्टिंगवाल्यांच्या बंगल्याबंगल्यांतून फिरावं लागे. आता घरच्या पांढऱ्या भिंतीपुढे मोबाइलवर सेल्फ टेस्ट करून पाठवतात. इंदूरच्या मुलाचं रेल्वेचं भाडं वाचलं हे चांगलंच झालं. पण एक गेलंही. बाहेरच्या बाकावर पन्नास जण बसलेले असत, त्यांच्यात आपल्यासारखाच दिसणारा पण आपल्याहून बरा नट दिसायचा आणि गुमान काहीतरी शिकायला मिळायचं. भिंतीसमोर एकटा उभा राहणारा पोरगा स्वतःवर फार लवकर खूश होतो.

आणि मग येतो बोलण्याचा प्रश्न. इथे मी शिक्षक म्हणून गेली कित्येक वर्षं अडकलेलो आहे.

आम्ही इंदूरचे मराठी लोक. काहींचे पूर्वज मल्हारराव होळकरांच्या मागून माळव्यात आले, काहींचे नंतर नोकरीसाठी, वकिलीसाठी, शाळामास्तरकीसाठी. घरात मराठी, दारात हिंदी, भाजीवाल्याशी अर्धी माळवी. आमची मुलं ‘मी येऊन राहिलो आहे’ म्हणतात. ‘माझ्यापासून नाही होणार’ म्हणतात. होकार द्यायचा तर ‘हौ’. पुण्याच्या नातेवाइकांकडे गेलं की ते हसतात, आपल्या लक्षात येतं, आपण दोन दिवस तोंड सांभाळून बोलतो आणि परतीच्या गाडीत बसल्याबरोबर पुन्हा येऊन राहतो. याचं कोणाला फार दुःख नाही. पण कॅमेऱ्यासमोर ते परवडत नाही.

मराठी मालिकेच्या सेटवर सहायक दिग्दर्शक हळूच कानाशी येऊन म्हणतो, ‘दादा, जरा हिंदी वाटतंय.’ हिंदी मालिकेच्या सेटवर दुसरा सहायक मोठ्यानं म्हणतो, ‘सर, थोडा महाराष्ट्रियन टच दीजिए ना.’ हा टच म्हणजे काय, तर वाक्याच्या सुरुवातीला ‘अगं बाई’ किंवा ‘आयला’, आणि ‘है’च्या जागी ‘हाय’. असं हिंदी बोलणारा एकही मराठी माणूस मी रामबागेत, टिळकनगरात किंवा सुदामानगरात पाहिलेला नाही. आमच्याकडचे मराठी लोक हिंदीत ‘भिया’ म्हणतात, ‘अपन को क्या’ म्हणतात आणि सराफ्यात भांडायला लागले तर त्यांच्या मराठीपणाचा पुरावा द्यायला आडनावच लागेल. पण मुंबईच्या हिंदी लेखकाला मराठी माणूस म्हटला की हवालदार किंवा कामवाली, आणि दोघांची भाषा ठरलेली. मी ती शिकलो. तीही एक वेशभूषाच. पहिल्यांदा केली तेव्हा घरी मालिका लागली आणि आमच्या आईनं विचारलं, ‘हा कुठल्या गावचा आहे रे?’

गंमत अशी की माझी निम्मी कामं त्याच न जमणाऱ्या बोलण्यातून आली. मराठी मालिकेत ‘बाहेरचा’ माणूस लागतो: मध्य प्रदेशातून आलेला व्याही, बदली होऊन आलेला न्यायाधीश, जमीन विकत घ्यायला आलेला शेठ. मराठी बोलतो पण इथला वाटत नाही, असा. पुण्या-मुंबईच्या नटाला हे करायला सांगितलं तर तो हिंदी नटाची नक्कल करतो. मला काही करावंच लागत नाही. तोंड सांभाळायचं सोडून दिलं की झालं. वयाच्या पंचेचाळिशीनंतर काम मिळतं ते अशाच गोष्टींवर, ज्या घासूनपुसून गेलेल्या नाहीत. टक्कल, पोट, चालताना एका बाजूला पडणारा खांदा, आणि बोलणं. ललिता पवारांचं उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. १९४२ मध्ये चित्रीकरणात सहनटाची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला इजा झाली, एक डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या, आणि पुढे त्याच डोळ्यानं चाळीस-पंचेचाळीस वर्षं लोकांना धाक बसवला, पार टीव्हीवरच्या मंथरेपर्यंत. मुलांना हे सांगताना मी जपून सांगतो. नाहीतर एखादा पोरगा मुद्दाम लंगडत यायचा.

आता माझी पंचाईत बघा. पालक फी देतात ती कशासाठी? ‘सर, याची मराठी शुद्ध करून द्या.’ त्यांचं चुकत नाही. विशीतल्या मुलाला भूमिका मिळते ती गुळगुळीत बोलण्यावर. नायकाचा मित्र, नायिकेचा भाऊ, कॉलेजातला टवाळ, हे सगळे मालिकेत एकाच शाळेत शिकल्यासारखे बोलतात. ‘करून राहिलो’ म्हणणारा मुलगा पहिल्याच चाळणीत गळतो, आणि त्याला कारणही कळत नाही, कारण सेल्फ टेस्टला नकार कोणी कळवत नाही. म्हणून मी शिकवतो. ‘च’ आणि ‘ज’चे दोन उच्चार, ‘ण’ आणि ‘न’, ‘मला जायचंय’ आणि ‘मी जातोय’. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून घेतो. पण सांगतोही, की प्रमाण मराठी हा इस्त्रीचा सदरा आहे. समारंभाला हवाच, घरी आल्यावर खुंटीला लावायचा. ही दुसरी गोष्ट पालकांना आवडत नाही. मुलगा आजीशी पुणेरी बोलायला लागला की त्यांना फी वसूल झाल्यासारखी वाटते.

म्हणून मी एक गृहपाठ देतो. घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाचं बोलणं पाच मिनिटं ऐका, आठवडाभर मनात घोळवा आणि रविवारी करून दाखवा. नक्कल करायची नाही, चिडवायचं नाही. एकदा दहावीतल्या एका मुलानं त्याच्या आजोबांचा फोन करून दाखवला. गॅसची टाकी आली नव्हती. एजन्सीतल्या साहेबाशी आजोबा खणखणीत हिंदीत, जवळजवळ अर्ज लिहितात तशा भाषेत: ‘महोदय, मैं वरिष्ठ नागरिक हूँ.’ फोनवर हात ठेवून आजीला मराठीत: ‘अगं, ते कार्ड कुठे ठेवून दिलंस तू?’ तेवढ्यात दारात टाकीवालाच उभा, आणि त्याच्याशी थेट माळवीत, ‘कईं रे भई,’ इतक्या प्रेमानं की साहेबाशी चाललेलं भांडण खोटं वाटावं. एका फोनमध्ये तीन माणसं. खांदेसुद्धा तीन प्रकारचे होत होते. साहेबाशी बोलताना ताठ, आजीशी बोलताना पडलेले, टाकीवाल्याशी बोलताना एक हात कमरेवर. मुलगा हे सगळं न शिकवता करत होता, कारण जन्मभर बघत आला होता. वर्ग हसून लोळला. मी हसलो नाही. माझं लक्ष त्या फोनवर ठेवलेल्या हाताकडे होतं. मालिकेत आम्ही आयुष्यभर अशाच एका खऱ्या हालचालीच्या शोधात असतो आणि मग कंटाळून चष्मा काढतो.

त्याच मुलाला इंट्रोमध्ये उभं केलं की तो लाकडाचा होतो. तळहात पुढे, तळहात मागे.

थोरल्या मुलांना मी सराफ्यात पाठवतो. दिवसा सोन्या-चांदीची पेढी, रात्री त्याच ओट्यांवर गराडू आणि जलेबा. खायला सगळेच जातात. मी सांगतो तासभर आधी जा, दुकानं बंद होताना बघा. शटर ओढून झाल्यावर मालक कुलूप एकदा ओढतो की दोनदा, नोकर तेव्हा कुठे बघत असतो, खाण्याच्या गाडीवाला ओटा कधी रिकामा होतो याची वाट कसा बघतो, आणि आपण वाट बघतोय हे मालकाला कळू नये म्हणून काय करतो. हे शेवटचं बघून आलेला मुलगा मला पुरेसा आहे. चरित्र भूमिकेत ऐंशी टक्के वेळ हेच करायचं असतं: प्रसंग दुसऱ्याचा, आपण ओटा रिकामा होण्याची वाट बघत उभे, पण तसं दिसता कामा नये.

इंदूरच्या मुलांची अजून एक खोड आहे, आणि ती आमच्याच पिढीनं लावलेली. इथे नाटक जिवंत राहिलं. बाबा डिकेंची नाट्यभारती ही नाट्यसंस्था होती, आता सानंद ही संस्था आहे. तिचे पाच प्रेक्षक गट. त्यातल्या एकाला राहुल बारपुतेंचं नाव आहे, एकाला रामूभैया दात्यांचं. मुंबईहून आलेलं नाटक शनिवार-रविवारी पाचही गटांना दाखवतात, आणि विद्यापीठाचं सभागृह पाचही वेळा भरतं. महाराष्ट्रातल्या नटांना याचं नवल वाटतं. तर अशा गावात वाढलेल्या मुलाला आपोआप कळलेलं असतं, की शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला पाहिजे. मालिकेत शेवटची रांग छातीवर असते. सदऱ्याच्या आत चिकटवलेला माइक. तिथे ‘बाळ, सुखी राहा’ हे रंगमंचावरून म्हटलं तर ध्वनिमुद्रक कानावरचे हेडफोन काढून आपल्याकडे बघतो. आवाज कमी करणं सोपं आहे. कमी आवाजातही मागणं तेवढंच ठेवणं अवघड, आणि ते कसं शिकवायचं याची खात्रीची रीत मला अजून सापडलेली नाही. कधी मी दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवतो आणि एकाला दुसऱ्याकडून उसने पैसे मागायला लावतो. कधी उपयोग होतो.

क्यू देणं मात्र शिकवता येतं. नायिकेचा क्लोज, म्हणजे चेहऱ्याचा जवळून शॉट, लागतो तेव्हा कॅमेऱ्याच्या शेजारी उभं राहून आपली वाक्यं म्हणायची. आपण फ्रेममध्ये नसतो. बरेच जण तेवढ्यात चहा प्यायला जातात आणि सहायक कागद हातात धरून सपाट आवाजात वाचतो. मी थांबतो, आणि आपला क्लोज असल्यासारखं पूर्ण बोलतो. यात थोरपणा काही नाही, सरळ व्यवहार आहे: ज्या मुलीला माझ्यामुळे रडू आलं ती पुढच्या मालिकेत वडिलांसाठी माझं नाव सुचवते. वर्गात मी मोबाइल एका मुलावर लावतो आणि गुण शेजारी उभ्या असलेल्याला देतो. पहिल्या वेळी सगळे वैतागतात.

कामाच्या वेळी संध्याकाळची अवंतिका एक्स्प्रेस पकडतो, ती उजाडता उजाडता बोरिवलीला सोडते. तिथून नायगाव किंवा घोडबंदरचा सेट जवळ. त्याआधी अंधारात उंबरगाव जातं. इथेच ‘रामायण’चं चित्रीकरण झालं, आणि त्यातले रावण, अरविंद त्रिवेदी, जन्मानं इंदूरचे. ते स्वतः सांगत, की ते केवटाच्या भूमिकेसाठी गेले होते. वाचून परत निघाले तेव्हा त्यांची चाल बघून रामानंद सागरांनी रावण त्यांना दिला. मला यात दरवेळी केवटच महत्त्वाचा वाटतो. माणूस गेला होता एका प्रसंगाची भूमिका मागायला, होडीवाल्याची, आणि तयारी तीच करून गेला होता.

२८ मार्च २०२० पासून दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा दाखवलं, तेव्हा मी घरीच होतो, चित्रीकरणं बंद. मे महिन्याच्या अखेरीस महाराष्ट्र सरकारनं परवानगी दिली, पण एक अट घातली: पासष्टीपुढच्या कोणालाही सेटवर येता येणार नाही. मी नुकताच ती रेषा ओलांडली होती. मालिकांतले आजी-आजोबा एका रात्रीत ‘गावी गेले’. काहींच्या जागी केस पांढरे केलेले पन्नाशीतले लोक आले. या अटीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात कोण गेलं? नाव असलेला कोणी तारा नव्हे. चाळीस वर्षं लहान लहान भूमिका करत आलेला सत्तर वर्षांचा एक नट गेला. इतर धंद्यांत पासष्टीच्या माणसाला बंदी नाही, मग यालाच का, या त्याच्या प्रश्नाला सरकारकडे धड उत्तर नव्हतं, आणि ७ ऑगस्ट २०२० ला न्यायालयानं ती अट रद्द केली. मी त्यांना भेटलेलो नाही. पण त्यानंतर माझ्या नावापुढे जे दिवस लागले ते त्यांच्यामुळे.

मुलांच्या बाबतीतही कायदा आहे, आणि तो पालकांना माहीत नसतो किंवा माहीत करून घ्यायचा नसतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग सत्तावीस दिवसांहून जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. मिळकतीतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं मुदत ठेवीत टाकायचा. २०१७ चे नियम आहेत. मी ते छापून भिंतीवर लावले आहेत. एका वडिलांनी वाचून विचारलं, ‘सर, उरलेल्या ऐंशी टक्क्यांचं काय?’ त्यांच्या मुलीला मी घेतलं, पण पुढचे दोन महिने इंट्रो शिकवलाच नाही.

वर्गातल्या एका मुलीची मात्र मराठी मालिकेत निवड झाली. वर्षभर तिच्याकडून ‘येऊन राहिले’ काढून टाकायला घाम गाळला होता. सेटवर पहिल्याच दिवशी तिला सांगितलं, भूमिका खेड्यातली आहे, जरा गावठी बोल. संवाद हातात आले: थोडं सातारा, थोडं विदर्भ, मधेच ‘बगा की’. हे गाव नकाशावर नाही. ते फक्त मालिकांत आहे आणि तिथे सगळे असंच बोलतात. तिनं मला फोन केला, ‘काका, हे मी कोणाचं ऐकू?’ मी म्हटलं, लेखकाचं ऐक, आणि एखाद्या वाक्यात आजीचं घाल. तिनं घातलं. ते वाक्य राहिलं की कापलं गेलं, हे मी भाग बघूनही सांगू शकलो नाही. त्यावर ढोल वाजत होते.

गॅसच्या फोनवाल्या मुलाला मागच्या महिन्यात एका मालिकेसाठी सेल्फ टेस्ट पाठवायला सांगितलं होतं. वय सोळा, नायिकेचा भाऊ. पहिल्या टेकमध्ये तो शुद्ध बोलला, तळहात वगैरे व्यवस्थित. दुसऱ्या टेकला थकला होता आणि मी कॅमेरा बंद करतोय असं समजून आईला म्हणाला, ‘थांब ना, मी येऊनच राहिलोय.’ खांदे आजोबांचे. आई म्हणाली, ‘सर, हे पाठवू नका हं.’ मुलगा म्हणाला, ‘पाठवा.’ फी आई देते. मी दोन्ही टेक पाठवले, दुसरा आधी, आणि आईला तसं सांगून टाकलं. या रविवारी ती आली नाही, मुलगा एकटाच सायकलवर आला.